स्थानिक कंटेनरमध्ये होस्टनेम रिझॉल्व्ह होत नसल्यास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याच संगणकावर डॉकर, पॉडमन किंवा कुबरनेटिसच्या छोट्या क्लस्टरमध्ये चालणाऱ्या कंटेनरला एखादे नाव सापडले नाही, की बहुतेक जण आधी त्या नावाचे स्पेलिंग तपासतात आणि तेवढ्याने भागले नाही, तर थेट आयपी पत्ता लिहून मोकळे होतात. नाव मात्र सहसा बरोबरच असते. ते कोणत्या नेटवर्कमधून आणि कोणत्या डीएनएस सर्व्हरला (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरला) विचारले जात आहे, तिथे घोळ असतो. त्यामुळे पुढील प्रत्येक प्रश्नात आम्ही हेच दोन मुद्दे आधी तपासले आहेत. या पानावर आज्ञा व फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीप्रमाणे रोमन लिपीत टाइप करावीत.

एरर मेसेजवरून नेमके काय समजते?

बरेच काही समजते, पण मेसेज पूर्ण वाचला तरच. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असा मेसेज आला, तर नाव रिझॉल्व्ह झालेले आहे, म्हणजे नावावरून पत्ता मिळालेला आहे. त्या पत्त्यावर संबंधित पोर्टवर कोणी ऐकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी डीएनएसमध्ये शोधाशोध करणे व्यर्थ आहे. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ असेल, तर नाव बहुधा सापडले आहे, पण पॅकेट वाटेत कुठेतरी, बहुतेक वेळा फायरवॉलपाशी, अडत आहे. ‘नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन’ किंवा नोड.जेएसमधील ‘ईनॉटफाउंड’ म्हणजे डीएनएस सर्व्हरपर्यंत प्रश्न पोहोचला आणि ‘असे नाव नाही’ हे उत्तर मिळाले. ‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन’ किंवा ‘ईएआय_अगेन’ म्हणजे प्रश्नाला उपयोगी उत्तरच मिळाले नाही.

या शेवटच्या मेसेजाने अनेकांची दिशाभूल होते. डॉकरच्या अंतर्गत डीएनएसला एखादे नाव स्वतःच्या यादीत सापडले नाही, तर तो ते नाव बाहेरच्या डीएनएस सर्व्हरकडे पाठवतो. ‘डीबी’ नावाची सर्व्हिस बंद पडलेली असेल किंवा दुसऱ्या नेटवर्कवर असेल, तर ‘डीबी’ हा प्रश्न बाहेर जातो. बाहेरचा सर्व्हर त्या क्षणी उत्तर देत नसेल किंवा अशा टिंब नसलेल्या एकशब्दी नावांना दाद देत नसेल, तर ॲप्लिकेशनच्या हाती ‘ईएआय_अगेन’ पडते. मेसेज इंटरनेट जोडणीकडे बोट दाखवतो आणि खरे कारण शेजारच्या कंटेनरमध्ये असते. म्हणून ‘ईएआय_अगेन’च्या पुढे अंतर्गत सर्व्हिसचे नाव दिसत असेल, तर इंटरनेट तपासण्याआधी ती सर्व्हिस चालू आहे का आणि त्याच नेटवर्कवर आहे का, हे पाहावे.

तपासणी कोणत्या आज्ञेने करावी?

पहिली पसंती ‘गेटएंट होस्ट्स’ या आज्ञेला द्यावी आणि ती ज्या कंटेनरमध्ये अडचण आहे त्याच कंटेनरमध्ये, ‘डॉकर एक्झेक’ने चालवावी. बहुतेक ॲप्लिकेशन ज्या मार्गाने नाव शोधतात, म्हणजे आधी ‘/ईटीसी/होस्ट्स’ ही फाइल आणि मग डीएनएस, त्याच मार्गाने ही आज्ञा जाते. ‘एनएसलुकअप’ आणि ‘डिग’ होस्ट्सची फाइल वाचत नाहीत. ती थेट डीएनएस सर्व्हरला विचारतात. त्यामुळे ‘डिग’ला नाव मिळते पण ॲप्लिकेशनला मिळत नाही, किंवा याच्या उलट, असे घडू शकते. हा फरकच निदानाला उपयोगी पडतो: दोन्ही आज्ञांची उत्तरे वेगवेगळी आली, की होस्ट्सची फाइल, सर्च डोमेन (नावाच्या शेवटी आपोआप जोडून पाहिले जाणारे डोमेन) किंवा सी लायब्ररीची वागणूक यांपैकी कशात तरी कारण आहे, हे ठरून जाते.

इमेजमध्ये शेलसुद्धा नसेल, तर त्या इमेजमध्ये हत्यारे भरत बसू नये. नेटशूटसारखी तपासणीसाठीच बनवलेली इमेज ‘--नेटवर्क कंटेनर:’ या पर्यायापुढे अडचणीतल्या कंटेनरचे नाव देऊन चालवावी. ती त्याच नेटवर्क नेमस्पेसमध्ये, म्हणजे त्या कंटेनरच्या स्वतंत्र नेटवर्क कप्प्यात, शिरते, त्यामुळे त्या कंटेनरला नेटवर्क जसे दिसते तसेच आपल्याला पाहता येते.

आपल्या होस्ट मशीनवरून, म्हणजे कंटेनर ज्यावर चालतात त्या संगणकावरून, केलेली तपासणी मात्र कंटेनरबद्दल जवळजवळ काहीच सिद्ध करत नाही.

दोन कंटेनर आयपी पत्त्याने एकमेकांशी बोलतात, पण नावाने नाही. असे का?

ते दोघे बहुधा डॉकरच्या डीफॉल्ट ‘ब्रिज’ नेटवर्कवर आहेत. ‘डॉकर रन’ला कोणतेही नेटवर्क सांगितले नाही, तर कंटेनर याच नेटवर्कवर जातो. त्याची पत्त्यांची श्रेणी सहसा १७२.१७.०.०/१६ असते आणि तिथे कंटेनरच्या नावांचे रिझोल्यूशन मुळातच उपलब्ध नाही. जुन्या ‘--लिंक’ पर्यायाने ते साधता येत असे, पण तो पर्याय आता कालबाह्य मानला जातो आणि नव्या कामात वापरू नये.

‘डॉकर नेटवर्क क्रिएट’ने स्वतःचे नेटवर्क तयार करून दोन्ही कंटेनर त्यावर चालवावेत. चालू कंटेनरही ‘डॉकर नेटवर्क कनेक्ट’ने नव्या नेटवर्कला जोडता येतो, तो बंद करावा लागत नाही. त्यानंतर ‘डॉकर नेटवर्क इन्स्पेक्ट’च्या उत्तरात दोन्ही कंटेनर एकाच नेटवर्कखाली दिसतात का, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. नाव न सापडण्याच्या तक्रारींपैकी पुष्कळशा या एका तपासणीतच निकालात निघतात.

‘/ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ’मध्ये १२७.०.०.११ हा पत्ता दिसतो. तो चुकीचा आहे का?

नाही. वापरकर्त्याने तयार केलेल्या प्रत्येक नेटवर्कवर डॉकर स्वतःचा अंतर्भूत डीएनएस सर्व्हर पुरवतो आणि कंटेनरला तो याच पत्त्यावर दिसतो. ही सोय २०१६ साली आलेल्या १.१० या आवृत्तीपासून आहे. त्याआधी डॉकर प्रत्येक कंटेनरच्या होस्ट्स फाइलमध्ये नोंदी भरत असे. कंटेनरच्या नेटवर्क नेमस्पेसमधील नॅटचे (पॅकेटचे पत्ते बदलण्याचे) नियम ५३ क्रमांकाच्या पोर्टवरील प्रश्न डॉकरच्या डीमनकडे (पार्श्वभूमीवर चालणाऱ्या मुख्य प्रोग्रामकडे) वळवतात. ओळखीचे नाव असेल तर डीमन स्वतः उत्तर देतो, अन्यथा प्रश्न बाहेर पाठवतो.

हा पत्ता काढून तिथे एखादा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर लिहिण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिलेला आढळतो. तो पाळू नये. बाहेरची नावे त्याने कदाचित सापडू लागतील, पण शेजारच्या कंटेनरची नावे सापडणे त्याच क्षणी बंद होईल. बाहेरचा सर्व्हर बदलायचाच असेल, तर तो कंटेनरच्या ‘--डीएनएस’ पर्यायाने किंवा कम्पोज (अनेक कंटेनर एका फाइलमधून एकत्र चालवण्याचे डॉकरचे साधन) फाइलमधील ‘डीएनएस’ या नोंदीने सांगावा. त्यामुळे अंतर्भूत सर्व्हर जागेवर राहतो आणि फक्त त्याने प्रश्न पुढे कोणाकडे पाठवायचा, हे बदलते.

कम्पोजमध्ये दुसऱ्या सर्व्हिसला कोणत्या नावाने हाक मारायची?

सर्व्हिसच्या नावाने, म्हणजे फाइलमध्ये ‘सर्व्हिसेस’खाली जी किल्ली लिहिली आहे तिने. कंटेनरचे नाव आणि नेटवर्कखाली दिलेले ‘अलायस’ यांनीही कंटेनर सापडतो. ‘होस्टनेम’ ही नोंद मुख्यतः कंटेनरने स्वतःला काय म्हणावे यासाठी असते. इतरांनी त्याला शोधावे म्हणून तिच्यावर विसंबू नये, त्यासाठी अलायस हेच योग्य साधन आहे.

नावात अधोरेखा टाळावी. ‘ऑर्डर_सर्व्हिस’ हे नाव डॉकरचा डीएनएस विनातक्रार रिझॉल्व्ह करतो, पण होस्टनेमच्या प्रमाणित नियमांत अधोरेखेला जागा नाही. जावाचा ‘यूआरआय’ हा क्लास अशा पत्त्यातून होस्ट म्हणून ‘नल’ परत करतो, आणि जँगो अशा होस्टची विनंती अवैध ठरवून फेटाळतो. डीएनएस व्यवस्थित चालत असताना ॲप्लिकेशनच नाव नाकारते, त्यामुळे कारण लवकर लक्षात येत नाही. जोडरेषा वापरली की प्रश्नच उरत नाही.

पोर्टबद्दलही इथेच सांगायला हवे. कंटेनरांमधील आपसातल्या संवादासाठी कंटेनरच्या आतला पोर्ट लागतो. ‘५४३३:५४३२’ अशी नोंद असेल, तर शेजारच्या कंटेनरने ५४३२ वापरावा. ५४३३ हा केवळ होस्टवरून येणाऱ्यांसाठी आहे.

ॲप्लिकेशन माझ्या मशीनवर ‘लोकलहोस्ट’ने डेटाबेसला जोडले जाते, कंटेनरमध्ये मात्र नाही. का?

कंटेनरच्या आत ‘लोकलहोस्ट’ म्हणजे तो कंटेनर स्वतः. डेटाबेस दुसऱ्या कंटेनरमध्ये असेल, तर त्याच्या सर्व्हिसचे नाव वापरावे. हा पत्ता कोडमध्ये पक्का न लिहिता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घेतला, तर एकच कोड दोन्ही ठिकाणी चालतो.

याच नावाचा आणखी एक गुंता आयपीव्ही६मुळे होतो. ‘लोकलहोस्ट’चे दोन अर्थ संभवतात, १२७.०.०.१ आणि ::१. नोड.जेएसच्या १७व्या आवृत्तीपासून पत्त्यांचा क्रम रिझॉल्व्हरकडून येतो तसाच ठेवला जातो, पूर्वीसारखा आयपीव्ही४ पुढे आणला जात नाही. सर्व्हर फक्त आयपीव्ही४वर ऐकत असेल आणि ::१ पहिला आला, तर जोडणी नाकारली जाण्याची शक्यता असते. कंटेनरच्या हेल्थ चेकमध्ये (आतली सेवा तयार आहे का हे तपासणाऱ्या आज्ञेत) ‘लोकलहोस्ट’ऐवजी १२७.०.०.१ लिहिणे त्यामुळे अधिक सुरक्षित ठरते.

कंटेनरमध्ये ‘एपीआय’ हे नाव सापडते, पण ब्राउझरमध्ये तोच पत्ता उघडत नाही. काय चुकते?

काहीच चुकत नाही. ब्राउझर कंटेनरच्या नेटवर्कमध्ये नाही. रिॲक्ट किंवा व्ह्यूमध्ये लिहिलेले फ्रंट-एंड कंटेनरमधून पुरवले जात असले, तरी त्यातील जावास्क्रिप्ट चालते ती वाचकाच्या ब्राउझरमध्ये, म्हणजे होस्ट मशीनवर. तिथून निघालेल्या विनंतीत ‘एपीआय’ हे सर्व्हिसचे नाव असेल, तर ते होस्टच्या डीएनएसला विचारले जाते आणि त्याला त्याची काहीच माहिती नसते. ब्राउझरसाठी एपीआयचा पोर्ट होस्टवर प्रसिद्ध (पब्लिश) करून ‘लोकलहोस्ट’ आणि तो पोर्ट असा पत्ता द्यावा लागतो.

सर्व्हर-साइड रेंडरिंग असलेल्या प्रकल्पांत हे अधिक अवघड होते, कारण तोच कोड एकदा कंटेनरमध्ये आणि एकदा ब्राउझरमध्ये चालतो. अशा वेळी दोन वेगळे पत्ते, एक अंतर्गत आणि एक बाहेरचा, स्वतंत्र व्हेरिएबलमध्ये ठेवावेत. दुसरा मार्ग म्हणजे पुढे एक रिव्हर्स प्रॉक्सी (विनंत्या योग्य सर्व्हिसकडे वळवणारा सर्व्हर) ठेवून ब्राउझरला ‘/एपीआय’ असा सापेक्ष मार्गच देणे. आमच्या मते हा दुसरा मार्ग अधिक चांगला आहे, कारण त्यात ब्राउझरला सर्व्हिसचे नाव कळण्याची गरजच राहत नाही आणि कॉर्सचे (ब्राउझरने दुसऱ्या पत्त्यावरील विनंत्या अडवण्याचे) प्रश्नही टळतात.

कंटेनरमधून होस्टवर चालणाऱ्या प्रोग्रामला कसे गाठायचे?

डॉकर डेस्कटॉपमध्ये ‘होस्ट.डॉकर.इंटर्नल’ हे नाव त्यासाठी तयार असते. लिनक्सवर थेट डॉकर इंजिन चालवत असल्यास ते आपोआप मिळत नाही. कंटेनर सुरू करताना ‘--ॲड-होस्ट’ पर्यायाने ‘होस्ट.डॉकर.इंटर्नल:होस्ट-गेटवे’ असे सांगावे लागते, किंवा कम्पोजमध्ये तेच ‘एक्स्ट्रा_होस्ट्स’खाली लिहावे लागते. ‘होस्ट-गेटवे’ हा खास शब्द डॉकर २०.१० पासून उपलब्ध आहे. पॉडमनमध्ये समकक्ष नाव ‘होस्ट.कंटेनर्स.इंटर्नल’ असे आहे.

नाव सापडल्यावरही लिनक्सवर जोडणी नाकारली जात असेल, तर होस्टवरील प्रोग्राम केवळ १२७.०.०.१ वर ऐकत असावा. कंटेनरकडून येणारी विनंती ब्रिजच्या पत्त्यावर येते, त्यामुळे प्रोग्रामने त्या पत्त्यावर किंवा ०.०.०.० वर ऐकायला हवे. ०.०.०.० निवडल्यास तो प्रोग्राम बाहेरच्या नेटवर्कलाही उघडा पडतो, याचे भान ठेवून फायरवॉलचा नियम सोबत लावावा.

दोन वेगवेगळ्या कम्पोज प्रकल्पांतील सर्व्हिस एकमेकांना सापडत नाहीत. उपाय काय?

कम्पोज प्रत्येक प्रकल्पासाठी स्वतंत्र नेटवर्क तयार करते. त्याचे नाव प्रकल्पाच्या नावापुढे ‘_डीफॉल्ट’ जोडून बनते आणि प्रकल्पाचे नाव, वेगळे सांगितले नसल्यास, फोल्डरच्या नावावरून येते. दोन प्रकल्प जोडायचे असतील, तर एक सामायिक नेटवर्क आधी हाताने तयार करून ते दोन्ही फाइलींत ‘एक्स्टर्नल: ट्रू’ असे नोंदवावे.

इथे एक धोका आहे आणि त्याबद्दल पुरेसे सावध केले जात नाही. दोन्ही प्रकल्पांत ‘डीबी’ नावाची सर्व्हिस असेल आणि दोन्ही ‘डीबी’ त्या सामायिक नेटवर्कला जोडल्या गेल्या, तर डॉकर कोणतीही तक्रार करत नाही. एकाच नावाला दोन पत्ते मिळतात आणि ॲप्लिकेशन कधी आपल्या डेटाबेसला, तर कधी दुसऱ्या प्रकल्पाच्या डेटाबेसला जोडले जाते. पासवर्ड वेगळे असतील तर अधूनमधून लॉगिन फसल्याचे दिसते. विकासाच्या कामात अनेकदा होते तसे पासवर्ड सारखेच असतील, तर एका प्रकल्पाची माहिती निमूटपणे दुसऱ्यात लिहिली जाते. ‘कधी चालते, कधी चालत नाही’ अशी तक्रार आली, की ‘डिग’ने त्या नावाला किती पत्ते मिळतात हे सर्वप्रथम पाहावे. सामायिक नेटवर्कवर केवळ ज्यांना बाहेर बोलायचे आहे त्याच सर्व्हिस जोडाव्यात, डेटाबेस प्रकल्पाच्या खासगी नेटवर्कवरच ठेवावा आणि सामायिक नेटवर्कवरील प्रत्येक सर्व्हिसला प्रकल्पाचे नाव असलेले वेगळे अलायस द्यावे.

दोन प्रकल्पांच्या फोल्डरांचे नाव एकच असेल, उदाहरणार्थ दोन्हीकडे ‘बॅकएंड’, तर कम्पोज त्यांना एकच प्रकल्प समजते. फाइलच्या सुरुवातीला ‘नेम’ ही नोंद स्पष्टपणे लिहिल्याने हे टळते.

शेजारचे कंटेनर नावाने सापडतात, पण इंटरनेटवरील नावे सापडत नाहीत. कुठे पाहावे?

अंतर्भूत डीएनएस काम करत आहे, हे यावरून सिद्ध झाले; त्याच्यापुढील मार्ग तुटला आहे. तो मार्ग तीन ठिकाणी तुटू शकतो.

प्रथम, कंटेनरमधून बाहेरच्या एखाद्या आयपी पत्त्यावर पॅकेट पोहोचते का, ते पाहावे. पोहोचत नसेल, तर हा डीएनएसचा प्रश्नच नाही. लिनक्सवर हाताने आयपीटेबल्सचे नियम पुसले गेले असतील, तर डॉकरने लावलेले नॅट आणि फॉरवर्डिंगचे नियमही त्यासोबत जातात. डॉकरची सेवा पुन्हा सुरू केली की ती हे नियम नव्याने लिहिते.

पॅकेट पोहोचते, पण नाव सापडत नाही, असे असेल तर होस्टवर कोणता डीएनएस सर्व्हर लावला आहे ते पाहावे. अनेक लिनक्स वितरणांत होस्टच्या रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये १२७.०.०.५३ हा सिस्टमडी-रिझॉल्व्हडचा लूपबॅक (मशीनचा स्वतःकडेच वळणारा) पत्ता असतो, जो कंटेनरमध्ये तसाच नेऊन उपयोग नाही. डॉकर हे ओळखतो आणि सिस्टमडीने वेगळ्या जागी ठेवलेल्या फाइलमधून खरे सर्व्हर उचलतो. पण होस्टवर डीएनएसमास्कसारखा दुसरा एखादा लूपबॅक सर्व्हर लावलेला असेल, तर डीफॉल्ट ब्रिजवर डॉकर तो पत्ता गाळतो आणि काहीच उरले नाही, तर ८.८.८.८ व ८.८.४.४ हे गूगलचे सर्व्हर वापरतो. अनेक संस्थांच्या नेटवर्कमध्ये बाहेरच्या डीएनएस सर्व्हरकडे जाणारे प्रश्न अडवलेले असतात. त्यामुळे होस्टवर सर्व काही सुरळीत दिसते आणि कंटेनरला मात्र एकही नाव सापडत नाही. अशा ठिकाणी ‘/ईटीसी/डॉकर/डीमन.जेसन’ या फाइलमध्ये ‘डीएनएस’ या किल्लीखाली संस्थेचा सर्व्हर लिहावा आणि डॉकरची सेवा पुन्हा सुरू करावी.

तिसरी शक्यता, म्हणजे बाहेरचा सर्व्हरच काही नावांना उत्तर देत नाही, ही ‘डिग’मध्ये तो सर्व्हर स्पष्टपणे सांगून विचारल्यास लगेच कळते.

व्हीपीएन सुरू केल्यावर अडचण येते. तिचा कंटेनरशी काय संबंध?

व्हीपीएन जोडल्यावर होस्टचे डीएनएस सर्व्हर बदलतात, पण आधीपासून चालू असलेल्या कंटेनरने जुनेच सर्व्हर धरून ठेवलेले असू शकतात. आधी व्हीपीएन जोडून मग कंटेनर सुरू करावेत, किंवा निदान नंतर ते पुन्हा सुरू करावेत. काही व्हीपीएन केवळ संस्थेच्या डोमेनचे प्रश्न एका सर्व्हरकडे आणि बाकीचे दुसरीकडे पाठवतात. ही विभागणी होस्टच्या रिझॉल्व्हरमध्ये असते आणि कंटेनर तो रिझॉल्व्हर टाळून थेट बाहेर विचारत असल्यास त्याला ती लागू होत नाही.

दुसरे कारण पत्त्यांच्या टकरीचे आहे. डॉकरची नेटवर्के १७२.१७, १७२.१८ अशा खासगी श्रेणींतून पत्ते घेतात. संस्थेचा डीएनएस सर्व्हर त्याच श्रेणीत असेल, तर त्याच्याकडे जाणारे पॅकेट डॉकरच्या ब्रिजवर जाऊन हरवते. डीमन.जेसनमधील ‘डीफॉल्ट-ॲड्रेस-पूल्स’ने वेगळी श्रेणी द्यावी आणि आधी बनलेली नेटवर्के काढून नव्याने तयार करावीत, कारण हा बदल जुन्या नेटवर्कांना लागू होत नाही.

इमेज बिल्ड होताना नाव सापडत नाही, तर?

बिल्डच्या वेळी कम्पोजचे नेटवर्क उपलब्ध नसते, त्यामुळे डॉकरफाइलमधील ‘रन’ ओळीत डेटाबेसच्या सर्व्हिसचे नाव वापरून मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतील बदल) चालवणे शक्य नाही. ते काम कंटेनर सुरू होताना करावे. पॅकेज उतरवणाऱ्या सर्व्हरचे नाव सापडत नसेल, तर वरील डीमन.जेसनचा उपाय लागू पडतो; तात्पुरती खातरजमा ‘--नेटवर्क=होस्ट’ने करता येते. डॉकरफाइलमधून ‘/ईटीसी/होस्ट्स’मध्ये ओळी घालण्याचा उपयोग होत नाही, कारण कंटेनर सुरू करताना डॉकर ती फाइल स्वतः नव्याने बनवतो.

तेच ॲप्लिकेशन डेबियनच्या इमेजवर चालते आणि अल्पाइनवर अडते. हे शक्य आहे का?

शक्य आहे. डेबियनमध्ये जीलिबसी आणि अल्पाइनमध्ये मसल ही सी लायब्ररी असते, आणि दोघींची नाव शोधण्याची पद्धत भिन्न आहे. जीलिबसी यादीतील सर्व्हरना एकामागून एक विचारते. मसल सर्वांना एकाच वेळी विचारते आणि जे उत्तर आधी येईल ते स्वीकारते. एक सर्व्हर अंतर्गत नावे जाणणारा आणि दुसरा सार्वजनिक, अशी जोडी लावली असेल, तर अल्पाइनवर ‘असे नाव नाही’ हे सार्वजनिक सर्व्हरचे उत्तर आधी पोहोचू शकते. जीलिबसीवरही अशी जोडी चुकीचीच आहे, कारण दुसरा सर्व्हर हा पहिला गप्प राहिल्यास वापरायचा असतो, पहिल्याला नाव माहीत नसल्यास नव्हे. यादीतील प्रत्येक सर्व्हरला सर्व नावे माहीत असली पाहिजेत.

दुसरा फरक मोठ्या उत्तरांचा. यूडीपीच्या पॅकेटमध्ये न मावणारे उत्तर टीसीपीने पुन्हा मागावे लागते. मसलमध्ये ही सोय १.२.४ या आवृत्तीपासून आली आणि ती अल्पाइन ३.१८ पासून मिळते. दोन्ही २०२३ मधील आहेत. त्याहून जुन्या इमेजवर पुष्कळ पत्ते असलेले एखादे नाव नेमके सापडत नसेल, तर इमेज अद्ययावत करणे हाच उपाय आहे.

कंटेनर पुन्हा तयार केल्यावर इंजिनएक्स जुन्याच पत्त्यावर विनंत्या पाठवत राहतो. का?

इंजिनएक्स या वेब सर्व्हर व प्रॉक्सीच्या नेहमीच्या मांडणीत ‘प्रॉक्सी_पास’मधील नाव सुरुवातीला एकदाच रिझॉल्व्ह होते. नंतर मागचा कंटेनर नव्या पत्त्यावर आला, तरी इंजिनएक्स तो पुन्हा विचारत नाही. तसेच सुरू होतानाच नाव सापडले नाही, तर ‘होस्ट नॉट फाउंड इन अपस्ट्रीम’ असे लिहून तो बंद पडतो. दोन्हींवर उपाय एकच: ‘रिझॉल्व्हर १२७.०.०.११ व्हॅलिड=१०एस’ अशी नोंद करावी आणि सर्व्हिसचे नाव एका व्हेरिएबलमध्ये ठेवून ‘प्रॉक्सी_पास’ला तो व्हेरिएबल द्यावा. ‘व्हॅलिड’ची मर्यादा विसरू नये, कारण डॉकर आपल्या उत्तरांना ६०० सेकंदांचा टीटीएल (उत्तर किती वेळ वैध धरावे ती मुदत) लावतो आणि तो पाळला गेल्यास दहा मिनिटे जुना पत्ता राहू शकतो. व्हेरिएबल वापरल्यावर मार्गाचा उरलेला भाग आपोआप बदलला जात नाही, त्यामुळे ‘रीराइट’चे नियम पुन्हा तपासावेत.

जावामध्येही कॅशे असते, पण ओपनजेडीके सामान्यतः ३० सेकंदांनी नाव पुन्हा विचारते. डेटाबेसचे कनेक्शन पूल मात्र जुनी जोडणी तुटेपर्यंत धरून ठेवतात, हे स्वतंत्रपणे लक्षात घ्यावे.

‘डिपेंड्स_ऑन’ लिहिले आहे, तरी सुरुवातीला नाव सापडत नाही.

बंद कंटेनरचे नाव डीएनएसमध्ये नसते. सुरू होताच कोसळणाऱ्या आणि पुन्हा पुन्हा उठणाऱ्या कंटेनरचे नाव त्यामुळे येत-जात राहते. ‘डॉकर पीएस -ए’ आणि त्या कंटेनरचे लॉग पाहावेत. केवळ ‘डिपेंड्स_ऑन’ लिहिल्यास कंटेनर सुरू होण्याची वाट पाहिली जाते, आतली सेवा तयार होण्याची नाही. हेल्थ चेक लिहून ‘सर्व्हिस_हेल्दी’ ही अट घालावी, आणि ॲप्लिकेशनमध्येही जोडणीचा पुनःप्रयत्न असावाच.

नाव सापडते, तरी एचटीटीपी विनंती ‘होस्ट सापडला नाही’ म्हणते.

कंटेनरमध्ये ‘एचटीटीपी_प्रॉक्सी’ हे व्हेरिएबल आहे का, ते पाहावे. डॉकरच्या क्लायंटच्या कॉन्फिगरेशनमध्ये प्रॉक्सी नोंदवलेला असेल, तर तो प्रत्येक नव्या कंटेनरमध्ये आपोआप घातला जातो. मग शेजारच्या सर्व्हिसला पाठवलेली विनंतीसुद्धा प्रॉक्सीकडे जाते आणि त्या प्रॉक्सीला ते नाव माहीत नसते. ‘नो_प्रॉक्सी’मध्ये सर्व सर्व्हिसची नावे लिहावीत.

स्थानिक कामासाठी कोणते डोमेन निवडावे?

‘.लोकल’ टाळावे, ते २०१३ च्या आरएफसी ६७६२ नुसार मल्टिकास्ट डीएनएससाठी राखीव आहे आणि अनेक रिझॉल्व्हर ते नेहमीच्या डीएनएसला विचारतच नाहीत. ‘.डेव्ह’ हे खरेखुरे सार्वजनिक डोमेन आहे आणि ब्राउझर त्यावर एचटीटीपीएसची सक्ती करतात. ‘.टेस्ट’ हे १९९९ पासून याच कामासाठी राखीव आहे, आणि खासगी वापरासाठी ‘.इंटर्नल’ हे आयकॅन या डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेने २०२४ साली राखून ठेवले.

नाव सापडते, पण दर वेळी पाच सेकंद लागतात.

जीलिबसी एका सर्व्हरच्या उत्तराची पाच सेकंद वाट पाहते आणि मग पुढच्याकडे जाते. म्हणजे यादीतील पहिला सर्व्हर मृत आहे, किंवा आयपीव्ही४ व आयपीव्ही६ यांच्या जोडप्रश्नांपैकी एकाचे उत्तर वाटेत गळत आहे. पहिल्या शक्यतेसाठी यादी दुरुस्त करावी; दुसरीसाठी ‘सिंगल-रिक्वेस्ट-रीओपन’ हा डीएनएस पर्याय लावून फरक पडतो का ते पाहावे.

पॉडमनमध्ये काय वेगळे आहे?

पॉडमनच्या ‘पॉडमन’ या डीफॉल्ट नेटवर्कवरही नावांचे रिझोल्यूशन नसते. स्वतः तयार केलेल्या नेटवर्कवर असते. ४.० आवृत्तीपासून हे काम आर्डवार्क-डीएनएस करतो आणि तो नेटवर्कच्या गेटवे पत्त्यावर ५३ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकतो. रूटच्या अधिकाराने चालवताना हा पत्ता होस्टचाच असल्याने होस्टच्या फायरवॉलने त्या पोर्टवर येणारे प्रश्न अडवले, तर एकही नाव सापडत नाही. तसेच होस्टवरील दुसऱ्या डीएनएस सर्व्हरने सर्व पत्त्यांवर ५३ व्यापला असेल, तर आर्डवार्क सुरूच होत नाही. एकाच पॉडमधील (एकत्र चालणाऱ्या गटातील) कंटेनर मात्र नेटवर्क वाटून घेतात, म्हणून तिथे ‘लोकलहोस्ट’च वापरावे.

काइंड किंवा मिनिक्यूबमध्ये कोअरडीएनएस पुन्हा पुन्हा बंद पडतो. कारण काय असावे?

कोअरडीएनएस हा कुबरनेटिस क्लस्टरमधील डीएनएस सर्व्हर आहे. त्याच्या पॉडचे लॉग पाहावेत. त्यात ‘लूप’ आढळल्याचा उल्लेख असेल, तर नोडच्या (क्लस्टरमधील मशीनच्या) रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये लूपबॅक पत्ता आहे आणि कोअरडीएनएस बाहेरचे प्रश्न स्वतःकडेच पाठवत आहे. हे चक्र ओळखून तो मुद्दामच थांबतो. क्यूबलेटला (नोडवर पॉड चालवणाऱ्या कुबरनेटिसच्या प्रोग्रामला) ‘रिझॉल्व्हकॉन्फ’ या नोंदीने खऱ्या सर्व्हरची फाइल दाखवावी, किंवा कोअरफाइलमधील ‘फॉरवर्ड’च्या ओळीत बाहेरच्या सर्व्हरचा पत्ता स्पष्ट लिहावा. ‘लूप’ हे प्लगिन काढून टाकल्यास तक्रार थांबते, पण चक्र चालूच राहते, म्हणून ते काढू नये.

कोअरडीएनएस ठणठणीत असून नाव सापडत नसेल, तर कुबरनेटिसचा नेमस्पेस (क्लस्टरमधील नावाने वेगळा केलेला विभाग) तपासावा. दुसऱ्या नेमस्पेसमधील सर्व्हिससाठी केवळ तिचे नाव पुरत नाही. त्यापुढे टिंब देऊन नेमस्पेसचे नाव जोडावे लागते. बाहेरची नावे सापडायला वेळ लागत असेल, तर पॉडमधील ‘एनडॉट्स:५’ ही नोंद कारणीभूत असते: पाचापेक्षा कमी टिंबे असलेले प्रत्येक नाव आधी क्लस्टरच्या सर्व सर्च डोमेनसह विचारले जाते आणि सर्वांत शेवटी जसेच्या तसे. नावाच्या शेवटी एक टिंब दिल्यास हे जादा प्रश्न विचारले जात नाहीत.